सतरा नंबरची डबी

तीन वर्षांपूर्वी, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शेजारच्या काकूंनी आमची बेल वाजवली आणि हळदीकुंकवाला दिलेली वाणाची डबी परत मागितली.

त्यांच्या हातात स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा होता. पायात चपला नव्हत्या.

"उघडली तर नाही ना?"

"नाही काकू."

"भिजत घातली?"

"अजून हातसुद्धा नाही लावला. काय झालं?"

त्यांनी काटा जेवणाच्या टेबलावर ठेवला, शून्य दिसेपर्यंत थांबल्या आणि मी आणलेली स्टीलची डबी त्यावर ठेवली. आकडा आला ३४२. मग त्यांनी डबी अलगद उलटी केली. तळाला त्यांच्याच अक्षरात दोन आकडे होते. वर डबीचा नंबर ९, खाली वजन ३३८.

"चार ग्रॅम जास्त," त्या म्हणाल्या आणि टेबलाजवळ फरशीवर बसल्या.

वाण परत मागणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. तुम्हीही पाहिली नसेल.

काकू दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी तिथल्या प्रयोगशाळेत काढली. काम एकच. बारुदाचा नमुना यायचा, तो तोलायचा, भट्टीत सुकवायचा, थंड झाला की परत तोलायचा. वजन कमी झालं तर परत भट्टी. सलग तीन वेळा तोच आकडा आला की नमुना कोरडा. त्याआधी कोणी कितीही घाई केली तरी त्या सही करत नसत. एकदा एका अधिकाऱ्याने दुपारभर त्यांच्या टेबलासमोर उभं राहून घाई केली. त्यांनी त्याला स्टूल दिलं.

निवृत्तीनंतर त्यांनी गच्चीवर बरबटी लावली. पुण्याकडे जिला चवळी म्हणतात, ती आमच्याकडे बरबटी. भंगारातून आणलेल्या लाकडी पेट्यांत माती भरून वेल चढवलेले. शेंगा वेलीवरच वाळून हातात खुळखुळायला लागल्या की तोडायच्या. सोललेले दाणे जुन्या सुती लुगड्यावर पसरायचे. दोन दिवस उन्हात, मग सावलीत, कारण जास्त ऊन लागलं की साल तडकते. आणि रोज दुपारी चार वाजता एक ठरलेली थाळी काट्यावर.

आकडा त्या खडूने गच्चीच्या भिंतीवर लिहीत. आमच्या खिडकीतून ती भिंत दिसायची. डिसेंबरात शहरावर धुकं उतरलं की आकडा वर जायचा. "आज धुक्यानं दोन ग्रॅम वापस घेतले," असं त्या जिन्यातून सांगत जायच्या.

गल्लीतल्या बायका दाणा दाताखाली धरून बघायच्या. कडकन तुटला की वाळला. काकूंना ते पटत नसे. "दाताले काय समजते? दात तर माणसाच्या तोंडात आहे, तिथं आधीच ओल." त्यांचं वाक्य एकच, "वजन थांबल्याशिवाय झाकण नाही."

हे वाक्य त्या कुठेही वापरायच्या. माझ्या नवऱ्याने एका वर्षी जिम लावली. काकू फाटकाशी उभ्या राहून रोज विचारायच्या, "काय साहेब, वजन थांबलं का?"

"वाढायचं थांबलं, काकू."

"मग अजून ओल आहे. करत राहा."

दोन वर्षांपूर्वीची बरबटी त्यांच्याकडे कालची असल्यासारखी निघायची. भोक नाही, भुगा नाही, वास नाही. कीटकनाशकाचा त्यांना राग होता. "सुकं असलं की किड्याले घर भेटत नाही, मग औषध काहून?"

त्या वर्षी पीक भरपूर आलं. आमच्या महिला मंडळातल्या सव्वीस बायकांना वाण म्हणून बरबटीच द्यायची, असं काकूंनी ठरवलं. सव्वीस स्टीलच्या डब्या आणल्या. प्रत्येकीत पाव किलो दाणे. प्रत्येक डबी भरून, झाकून, तोलून तळाला नंबर आणि वजन लिहिलं. कोणती डबी कोणाला, याची यादी वहीत. मी म्हटलं, "काकू, हे हळदीकुंकू आहे की तपासणी?" त्या म्हणाल्या, "दोन्ही. तू चहात साखर जास्त घेऊन राहिली, तेही लिहीन."

डब्या भरून झाल्यावर जानेवारीच्या सुरुवातीला त्या चार दिवस भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या. घरी काका होते, आणि काकांच्या सोबतीला शहपुऱ्याहून त्यांचा धाकटा भाऊ आला होता. काकूंचा दीर. तो शेती करतो. माणूस प्रेमळ, रिकामा बसू न शकणारा. त्याने चार दिवसांत नळाची तोटी बदलली, फाटकाला तेल घातलं, आणि वाणाच्या दहा डब्या उघडून प्रत्येकीत गव्हाच्या कोठीत टाकायची विषारी गोळी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून घातली.

दहाच, कारण त्याच्या नळीत दहाच गोळ्या होत्या.

त्याने हे काकांना सांगितलं होतं. काका कमी ऐकतात. त्यांनी मान हलवली.

काकू परत आल्या. डब्यांची झाकणं लागलेली होती. एकदा झाकण लागलं की त्या पुन्हा तोलत नसत, तो त्यांचा नियमच होता. रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी हळदीकुंकू झालं, सव्वीस डब्या सव्वीस घरी गेल्या.

दीर पुन्हा आला तो रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नवाच्या सुमाराला, मटाराचं पोतं घेऊन. चहा पिताना त्याने विचारलं, "वहिनी, बरबटी कशी निघाली? कीडा तो नहीं लगेगा आता सालभर." काकूंनी काहून म्हणून विचारलं. त्याने सांगितलं. कोणत्या दहा, ते त्याला आठवत नव्हतं. "मले काय माहीत तुम्ही वाणात देऊन राहिल्या. मले वाटलं घरच्या आहेत. आमच्या कोठीत तर दरसाल टाकतो."

काकूंनी नळी रिकामी झाली का, हे त्याला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्याने हो म्हटलं. मग त्या काटा उचलून आमच्याकडे आल्या.

फरशीवर बसून त्यांनी मला समजावलं. आवाज सपाट होता, फक्त हात पदरात घट्ट गुंडाळलेले. ही गोळी दमट हवेत हळूहळू भुकटी होते आणि विषारी वायू सोडते. कोठीतल्या धान्यात थोडी ओल असतेच, म्हणून ती तिथे काही दिवसांत संपते. "माझ्या दाण्यात ओलच नाही ना, पोरी. ती तशीच बसून असेल. पूर्णच्या पूर्ण. आणि बरबटी कोणी कच्ची खात नाही. भिजत घालतात. रात्री. स्वयंपाकघरात, दारं लावून."

मी तेव्हा इथल्या एका दैनिकात डेस्कवर काम करत होते. अशी गोळी टाकलेल्या कोठीच्या खोलीत झोपलेल्या माणसांच्या बातम्या माझ्या हाताखालून जायच्या. त्यांची भाषा ठरलेली असते. सकाळी दार उघडलं नाही, शेजाऱ्यांनी तोडलं. त्या सकाळी ती वाक्यं सव्वीस पत्त्यांसह माझ्या डोक्यात फिरत होती.

मी म्हटलं, सगळ्यांना फोन करून खरं सांगू या. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. "पोलीस माझ्या दिराले घेऊन जातील. सव्वीस घरी जहर वाटलं म्हणतील." मग त्यांनीच शब्द ठरवले. बरबटीला कीड निघाली आहे, डबी उघडू नका, भिजवू नका, कीड घरभर जाईल, आम्ही बदलून देतो.

मी ते शब्द मान्य केले. फोन मी केले.

बावीस जणींनी फोन उचलला. त्यातली एक म्हणाली, "अय्या, मी तर कालच भिजवली, आता उसळ शिजून राहिली." मी विचारलं, आत फडक्याची पोटली होती का? काकूंनी माझं मनगट धरलं. "पोटली? नाही बाई. पोटली कशाची?" काकूंनी मनगट सोडलं. तिथे बराच वेळ बोटांचे ठसे होते. यादीत त्या नावापुढे मी बरोबरची खूण केली.

मग स्कूटर काढली. मागे काकू, मांडीवर काटा, पायात माझ्या चपला.

डबी उघडायची गरज नव्हती. तळाचा आकडा आणि काट्याचा आकडा. सारखे आले की डबी त्या बाईला परत. चार ग्रॅम जास्त आले की डबी गाडीच्या हुकाला टांगलेल्या पिशवीत. पिशवी कापडी होती, आणि राइट टाउनच्या गल्ल्यांमधून मी ती गुडघ्याला लागू नये म्हणून पाय बाजूला काढून चालवत होते.

एका घरी सासूबाईंनी काट्याकडे पाहून पदर कमरेला खोचला. "वाण तोलून पाहता काय? आम्ही काढून घेतलं की काय त्यातलं?"

"नाही हो, माझंच माप चुकलं," काकू म्हणाल्या.

"चुकलं तर चुकलं. पंचवीस वर्षं वाण घेऊन राहिलो, कोणी तराजू घेऊन मागं नाही आलं."

आकडे सारखे निघाले. काकूंनी त्यांना वाकून नमस्कार केला. सासूबाई अजून रागात होत्या.

मागच्या गल्लीत एकीने डबी उघडली होती. दाणे तिने बरणीत ओतले होते. "आणि पोटली?" मी विचारलं. तिने आनंदाने देवघराकडे बोट दाखवलं. "कापूर होता ना? किती छान बांधून दिला काकू तुम्ही. संध्याकाळी आरतीला लावते."

पोटली कापराच्या डबीत होती. शेजारी काडेपेटी. ताम्हनात पाणी. काकू देवघरासमोर गेल्या, श्वास रोखून पोटली उचलली, पदराच्या टोकात धरून सरळ अंगणात गेल्या आणि तिथे श्वास सोडला. ती बाई मला म्हणाली, "काकूंनी देवाच्या जागेवरून असं उचलायला नको होतं." मी म्हटलं, "कीड आहे त्यात." माझा आवाज मला अनोळखी वाटला.

दुपारी दोनपर्यंत, माझी धरून, गोळीच्या सहा डब्या मिळाल्या. चारपर्यंत आठ. काकूंनी दिवसभर पाणी घेतलं नाही. प्रत्येक घराच्या दारात त्या आधी नाकाने हवा घेत आणि मगच बेल दाबत. बेल वाजल्यावर आतून पावलं ऐकू येईपर्यंत त्यांचे ओठ हलत. त्या मोजत होत्या. एकदा मी कान दिला. बावीसपर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात दार उघडलं.

नववी डबी पाचला मिळाली. पंचवीस नावांपुढे खूण झाली. राहिलं एक नाव. डबी सतरा, छावणीजवळच्या सदर भागातली. फोन न उचललेल्या तिघींपैकी ही शेवटची. दहावी गोळी तिथेच होती, दुसरीकडे कुठे असूच शकत नव्हती.

सदरमध्ये पाच चाळीसला पोचलो. घर बाजाराच्या मागे, खाली मालकीणबाई राहायच्या, वर भाडेकरू. फाटकासमोर सामानाचा ट्रक उभा होता, माणसं वरून पेट्या उतरवत होती. आम्ही ट्रकला वळसा घालून आत गेलो.

बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी आणलं. काकूंनी ठरलेलं वाक्य म्हटलं. कीड निघाली, बदलून देते.

"हो ना, आहे ना," बाई म्हणाल्या. आत गेल्या. भांडी सरकवल्याचे आवाज आले. बऱ्याच वेळाने हात पुसत बाहेर आल्या. "वरच्या कपाटात ठेवली वाटते. चावी ह्यांच्याजवळ. तुम्ही उद्या सकाळी या ना काकू. एवढ्याशा किडीसाठी काहून जीव टांगून राहिल्या?"

"उघडली नाही ना?"

"नाही नाही. जशीच्या तशी आहे."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या क्षणी खरं सांगू शकत होते. काकू म्हणाल्या, "चलो, उद्या येते," आणि आम्ही उठलो. ट्रक अजून तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता आम्ही परत गेलो. बाईंनी दार उघडलं आणि चहाचं विचारण्याआधीच रडायला लागल्या. डबी घरात नव्हती. वरच्या मजल्यावर फौजेतल्या अधिकाऱ्याचं कुटुंब होतं, त्यांची बदली झाली. घरची सवाष्ण निघाली म्हणून बाईंनी तिची ओटी भरली होती. नारळ, ब्लाउजपीस आणि हाताशी असलेली वाणाची डबी. "वाणातलं पुढे दिलं असं तुम्हाला कसं सांगू? आणि ओटीतलं वापस कसं मागू? ती जिन्यातच उभी होती. मला लाज वाटली काकू. किडीचीच तर गोष्ट होती."

ट्रक आदल्या संध्याकाळी सात वाजता निघाला होता. कुटुंब रात्रीच्या गाडीने.

मग काकूंनी बाईंना खरं सांगितलं. मी ते वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. बाई भिंतीला टेकल्या. त्यांची नातवंडं सुट्टीच्या दिवशी वर खेळायला जायची, वरची बाई त्यांना बरबटी करून घालायची, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

भाडेकरणीचा नंबर लावला. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. आठवड्याने तो सेवेत नसल्याचं सांगणारा आवाज आला. बदली कुठे, हे बाईंना ठाऊक नव्हतं. "पहाडाकडे कुठेतरी." छावणीच्या फाटकावरच्या शिपायाने आमचं ऐकून घेतलं आणि माहिती देता येणार नाही असं सांगितलं. तो नम्र होता.

नऊ गोळ्या काकूंनी हवाबंद बाटलीत घालून कृषी कार्यालयात नेल्या. मी सोबत होते. आता त्यांनी काही लपवलं नाही, दिराचं नावही सांगितलं. तिथल्या अधिकाऱ्याने बाटली उजेडात धरली. गोळ्या नव्यासारख्या होत्या, कडाही झिजलेल्या नव्हत्या. "अम्मा, महिना हो गया और एक भी नहीं फूटी? दाना कितना सूखा रखा था आपने?"

काकूंनी कागदावर सही केली आणि त्या उठल्या.

बातमी मी लिहिली नाही. चार ओळींची बातमी झाली असती. ट्रक राज्याबाहेर गेला होता आणि आमचं दैनिक तिकडे जात नव्हतं, असं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं.

घरमालकिणीच्या भाडेकराराच्या कागदात फौजेचा एक टपालपत्ता सापडला. काकूंनी हिंदीत पत्र लिहिलं. मला वाचून दाखवलं. "बहन, स्टील की जिस डिब्बी के नीचे सत्रह लिखा है, उसमें ज़हर की गोली है। पानी मत लगाइए। बंद कमरे में मत खोलिए। बाहर खुले में रखकर किसी जानकार को बुलाइए। गलती मेरी है।" शेवटचं वाक्य काढा, असं मी सुचवलं. त्यांनी काढलं नाही.

रजिस्टर टपालाने पाठवलेलं ते पत्र मार्चच्या मध्याला परत आलं. पाकिटावर शेरा होता की घेणारा मिळाला नाही.

त्या दिवसांत काकू संध्याकाळी आमच्याकडे येऊन बसत. टीव्हीवर बातम्या लावायला सांगत आणि खाली सरकणारी पट्टी वाचत राहत. कुटुंब, वायू, बंद खोली असा कुठलाही शब्द आला की उठून टीव्हीजवळ जात. गाव वेगळं, कारण वेगळं निघालं की परत येऊन बसत. एकदा म्हणाल्या, "सामान अजून बांधलेलंच असेल, नाही? फौजेतले लोक सगळ्या पेट्या लगेच नाही उघडत."

"नाही उघडत," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं.

"आणि पहाडात हवा कोरडी असते."

तेही मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं.

मार्चच्या अखेरीला कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने दुसरा पत्ता मिळाला. काकूंनी तेच पत्र पुन्हा लिहिलं, या वेळी पोचपावती जोडून. पोस्टात आम्ही दोघी गेलो. खिडकीतल्या बाईने पाकीट काट्यावर ठेवलं. काकूंनी तोंड फिरवलं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारचा चहा घेऊन काकू आडव्या झाल्या. पाच वाजता काकांनी हाक मारली, मग आमची बेल वाजवली. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं. शहपुऱ्याहून दीर आला. तेरा दिवस त्याने घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही.

अकराव्या दिवशी काकूंच्या नावाने पोचपावती आली. काकांनी ती माझ्याकडे आणून दिली. पाकीट पोचल्याचा शिक्का आहे, तारीख आहे, खाली निळ्या शाईत सही आहे. सही कोणाची, ते वाचता येत नाही.